वीड म्हणा, गांजा म्हणा

कोल्हापुरात कुठं गांजा पकडला की आमच्या घरच्या ग्रुपवर बातमी पडते. मागोमाग पुतण्याचा प्रश्न ठरलेला, ‘काका, तुमच्याकडं वीड लीगल आहे नव्हं?’

आहे. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून. सज्ञान माणसानं 30 ग्रॅमपर्यंत खिशात बाळगलं तरी कुणी हटकत नाही. मग एक जण ‘गोऱ्यांची थेरं’ म्हणतो, दुसरा ‘आपण मागासलेले’, आणि रात्री जेवणापर्यंत जुंपते.

मला खटकतो तो शब्द. पोलिसांनी पोत्यात धरला की गांजा, कॉलेजच्या पोरानं ओढला की वीड. माल तोच. गांजा म्हटलं की चिलीम आणि तारवटलेला बैरागी डोळ्यांपुढं येतो, वीड म्हणजे कसं, इस्त्री केलेलं! आपला 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, मात्र वीड ओळखत नाही. त्यात गांजाच आहे आणि तोही नेमका: झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत, म्हणून भांग त्या व्याख्येतून सुटते.

टोरांटोत माझे केस कापणारा जमैकन म्हातारा वीड कधीच म्हणत नाही. गांजा म्हणतो, आपल्यासारखाच. शब्द कुठला, असं विचारलं तर त्यानं कात्री माझ्याकडंच रोखली. खरंच आहे. 1845 पासून हिंदुस्थानी मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले, त्यांच्या गाठोड्यातून हा शब्द गेला. ऊसतोडीला माणसं कशी नेतात ते कोल्हापूरकराला मी काय सांगणार?

म्हणून आपल्याकडंही मोकळं करा, असं माझं म्हणणं नाही. सकाळी लेकीला शाळेला नेताना आमच्या लिफ्टमध्ये तो वास कोंडलेला असतो. मी श्वास धरून उभा. पण इथल्या पाकिटावर टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, किती ते छापलेलं असतं, दुकानदार वयाचा पुरावा मागतो. वाद घालायचा तर यावर घाला, आणि वस्तूचं नाव घेऊन घाला.

परवा हे सगळं ग्रुपवर लिहिलं. शिरोळच्या आत्तीचा आवाजी निरोप आला, ‘आरं, वीड म्हंजे तण न्हवं? मग बाया लावून भांगलून टाका की. त्यात भांडायचं काय?’

पुतण्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही. मग टाइप केलं, ‘आजी, वीड म्हणजे गांजा.’