'आमचा गाव आम्हाला ठाऊक आहे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'सांस्कृतिक मानवशास्त्राची तोंडओळख' या माझ्या लेखावर तुम्ही एवढ्या तपशिलात लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे. गोव्यातल्या डिचोलीत आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला चार बायकांशी गप्पा मारून काढलेले निष्कर्ष शास्त्र वाटत नाहीत. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) बहिणी असल्याचा पुरावा नसताना मी ती कथा मांडली. हे सगळं शास्त्र साहेबांनी आपल्याला मोजायला काढलं. सांस्कृतिक सापेक्षतावाद, म्हणजे प्रत्येक रीत तिच्या संदर्भात समजून घेणं, ही प्रत्येक अंधश्रद्धेला माफी. आणि सगळ्यांत ठासून म्हटलंत ते हे की 'आमचा गाव आम्हाला ठाऊक आहे, वही घेऊन फिरणारं कोणी नको'. जाता जाता गावाचं नाव आणि त्या बायकांची नावंही मागितलीत.

आकड्यांपासून सुरू करते. आपल्या जनगणनेत कुटुंब कसं ठरतं? एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. व्याख्या सुटसुटीत आहे, प्रगणकाला दारात उभं राहून लिहिता येते. आता तुमच्या-माझ्या तालुक्यातलं कुठलंही जुनं व्हडलें (मोठं, मूळ) घर घ्या. भावाभावांच्या चुली कधीच्या वेगळ्या झालेल्या, एक भाऊ पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, एक वास्कोला. प्रगणकाच्या कागदावर ती चार कुटुंबं. चवथीला हीच चार कुटुंबं एका माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताखाली), एकाच गणपतीपुढे. यंदा पूजेला कोणी बसायचं, माटोळीचं सामान कोणी आणायचं, भटाची दक्षिणा कोणाकडून, याची पाळी ठरलेली. रजा न मिळालेल्याचा वाटाही धरलेला असतो. घरात कोणी गेलं तर सुतक चारही चुलींना लागतं, पर्वरीच्या फ्लॅटमधल्या गॅसलासुद्धा. मग कुटुंब एक की चार? जनगणनेचं उत्तर चुकीचं नाही, ते रेशनच्या आणि पाण्याच्या हिशेबाला पुरतं. पण वडिलोपार्जित घर विकायला निघाल्यावर भांडण कोणाकोणात होईल, हे त्या आकड्यातून कळणार नाही. ते कळायला चवथीला त्या घरात बसावं लागतं, आणि एका चवथीला बसून भागत नाही.

तुमचा 'नमुना लहान आहे' हा आक्षेप टक्केवारी काढणाऱ्याला लागू पडतो. 'सत्तरी तालुक्यातल्या इतक्या टक्के बायका धालो (बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ) खेळतात' असं विधान मी केलं असतं तर तुम्ही माझे कान धरायला हवे होते. माझा प्रश्न वेगळा होता. पौषात मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या अंगणात, जाण्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, धालोंना वाड्यावरच्या सगळ्या बायका येतात. रात्री मांडाच्या कडेला बसल्यावर दिसलं की 'सगळ्या' येतात खऱ्या, पण काही जणी ओळीत उभ्या राहतात आणि काही जणी कडेला उभं राहून बघतात. कडेच्या कोण, हे कोणी ठरवलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. प्रश्नावली पाठवली असती तर उत्तर शंभर टक्के 'सगळ्या येतात' असं आलं असतं. कोणी खोटं बोललेलं नसतं. माणसं आपल्या रीतीबद्दल सांगताना जशी ती असायला हवी तशी सांगतात, आणि करताना जसं जमेल तसं करतात. ही फट दिसावी म्हणून सहभागी निरीक्षण नावाची पद्धत आहे. लोकांत राहायचं, हाताला काम असेल तर करायचं, विचारण्यापेक्षा जास्त बघायचं आणि रात्री झोपेच्या आधी लिहून काढायचं.

आणि आकडे आम्हाला वर्ज्य नाहीत हो. रिव्हर्स नावाचा डॉक्टर १८९८ साली टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेला आणि तिथं त्यानं वंशावळी काढत नातेव्यवस्था अभ्यासण्याची रीत बसवली. ती आपल्याकडे वापरून बघा. 'तुमच्यात मामाची मुलगी करतात का?' असं विचारलं तर 'करतात की' असं उत्तर येतं. वहीत पाच-सहा घरांची तीन-तीन पिढ्यांची वंशावळ काढली, प्रत्येक लग्नापुढे मुलगी कुठून आली ते लिहिलं, की कळतं खरोखर किती जणांनी केली, आणि कोणत्या पिढीत ते थांबलं. आतेच्या मुलीबद्दल विचारलं तर चेहराच बदलतो. मराठा-कुणब्यांत मामाची मुलगी चालते, आतेची सहसा नाही, हा फरक इरावती कर्व्यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात मांडला आहे. असे तक्ते गणिताच्या माणसानं काढले तर माझ्यापेक्षा चोख निघतील.

आता 'आमचा गाव आम्हाला ठाऊक आहे'. सर, कोणाचा गाव? गांवकाराचा (गावच्या मूळ हक्कदाराचा) की मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याचा)? गांवकारीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या, उत्पन्नातला वाटा (जोण) घेणाऱ्याला गाव शेतं, बांध, मानस (पाण्याचं दार) आणि गांवकारीच्या वहीतून कळतो. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, घर असलेल्याला तोच गाव कुंपणाच्या बाजूनं कळतो. मी महाजनाच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदाराच्या) घरात जन्मले, पण बहुतेक देवस्थानांत असतं तसं आमच्याकडेही बाईला महाजन होता येत नाही. तेव्हा देवळाच्या बैठकीत काय बोलतात ते मला माझ्या भावाकडून कळतं, आणि भाऊ सगळं सांगत नाही. उलट न्हाणीच्या मागच्या बाजूला भांडी घासताना जे बोललं जातं ते भावाच्या गावात नाहीच. म्हैसूरकडच्या रामपुरा गावी राहिलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास तर आपल्याच मुलखात काम करत होते. तरी गावानं त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवलं आणि त्यांचं पाहणं बरंचसं वरच्या जातींच्या ओटीवरून झालं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

बाहेरून आलेल्याला जास्त दिसतं असंही मी म्हणत नाही. मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला. कुला नावाच्या देवघेवीत लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेनं फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट्या दिशेनं. प्रत्येकाला आपले देणारे-घेणारे पाठ होते, पण अख्खं वर्तुळ त्यानं घरोघर विचारून जुळवलं आणि १९२२ साली छापलं. स्थानिकांना संपूर्ण चित्र दिसत नाही, असा त्याचा सूर होता. पुढे अ‍ॅनेट वायनर ही मानवशास्त्रज्ञ त्याच बेटांवर गेली. तिला दिसलं की कोणी मेलं की बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि घागरे ढिगांनी वाटतात, आणि ती त्यांची संपत्ती आहे, तिच्यावर मान-अपमान ठरतात. तिचं पुस्तक १९७६ चं. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असताना मॅलिनोव्स्कीच्या हिशेबात ते जवळपास आलंच नव्हतं. तेव्हा आतला असो की बाहेरचा, प्रत्येकाला कुठून उभं राहून पाहतोय ते सांगावं लागतं. माझ्या लेखातला माझ्याबद्दलचा परिच्छेद तुम्हाला 'आत्मस्तुती' वाटला, तो त्यासाठी होता.

लईराई आणि मिलाग्रीस. सात बहिणींची कथा खरी आहे असं मी कुठंही लिहिलेलं नाही. लोक ती सांगतात असं लिहिलं आहे. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची सायबीण यांना एका घरात बसवणारी ही गोष्ट इतिहासाच्या परीक्षेला बसवायची नाही. तिनं काय घडतं ते पाहायचं. ईस्टरनंतर सायबिणीच्या फेस्ताच्या सोमवारी तिला तेल घालायला रांगेत हिंदू उभे असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. ते का येतात, कोणत्या गावचे येतात, नवस कोणाचा असतो, चर्चमधले पाद्री याला काय म्हणतात, हे प्रश्न. 'सलोखा' हा शब्द मात्र मी मुद्दाम टाळला. तो पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात शोभतो, बहिणी भांडतातसुद्धा.

कागदी पुराव्यावर तुमचा फार भरवसा दिसतो, म्हणून एक कागद पुढे ठेवते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशननं (चर्चच्या धर्मन्यायालयानं) जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात वधूवरांना वाटलेली हळद, दूध, खोबरेल लावू नये, पानसुपारी-फुलं वाटू नयेत, अंगणात तुळस ठेवू नये, बिनमिठाचा भात शिजवू नये, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. यादी लांबलचक आहे. अठराव्या शतकातल्या गोव्यातल्या घरगुती रीतींचं इतकं बारीक टिपण क्वचितच मिळेल, आणि ते त्या रीती मोडण्यासाठी लिहिलेलं आहे. फक्त हा कागद वाचणारा म्हणेल की रीती संपल्या. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती लग्नघरी जा. नवरीला चुडो (बांगड्या) भरतात, आदल्या दिवशी नारळाच्या दुधाचा रोस लावतात, पूर्वजांच्या नावानं भिकाऱ्यांचें जेवण घालतात. काय टिकलं, कशाचं रूप बदललं, कशाचा अर्थ बदलला, हे कळायला तो कागदही लागतो आणि ते लग्नघरही.

साहेबांचं शास्त्र म्हणालात, ते मान्य. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ली नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत होता. पण मला १९०१ पेक्षा आजची काळजी जास्त आहे. १९६५ च्या लोकूर समितीनं अनुसूचित जमात ओळखायचे निकष दिले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी मिसळण्यातला बुजरेपणा, मागासलेपण. अजून तेच चालतात. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये दर्जा मिळाला. धनगर-गवळ्यांची मागणी वर्षानुवर्षं टेबलांवरून टेबलांवर फिरते आहे. वाळपईच्या बाजारात दूध घालणाऱ्या, मोबाइलवर पैसे घेणाऱ्या तरुणानं आपण बुजरे आहोत हे सिद्ध करायचं? संस्कृती म्हणजे मोजून ठेवलेल्या लक्षणांचं गाठोडं ही कल्पना या शाखेनं केव्हाच टाकून दिली. सरकारी फायलीनं ती जपून ठेवली आहे. तुमचा राग तिकडे वळवा, मी सोबत आहे.

सापेक्षतावादाचं थोडक्यात सांगते. आधी समजून घ्यायचं, मत नंतर द्यायचं, एवढाच तो क्रम. धिरयोंवर (बैल-रेड्यांच्या झुंजींवर) न्यायालयाची बंदी आहे, मला ती योग्य वाटते. तरीही बंदी असताना माणसं शेतात का जमतात, कोणाच्या रेड्यावर कोण पैसे लावतो, हरल्यावर कोणाची मान खाली जाते, हे समजून घेतल्यानं मी धिरयोंची वकील होत नाही.

राहिली नावं. ती देणार नाही. बोलायला बसण्याआधी त्या बायकांना मी सांगितलं होतं की गाव आणि नाव कुठं येणार नाही, आणि त्या अटीवरच त्या बोलल्या. गोवा एवढासा, देवळाची खूण आणि वाड्याची दिशा लिहिली तरी चार फोनांत घर सापडतं. सासू, जाऊ, देवस्थान समिती यांच्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते तुमच्या पडताळणीसाठी मी उघडं करू शकत नाही. पडताळायचंच असेल तर पौषात तुमच्या घरच्या कोणा बाईला तुमच्याच वाड्यावरच्या मांडाकडे बसायला सांगा, आणि कडेला कोण उभं राहतं ते तिला विचारा.