पिन काढा म्हणे, बोर्ड आपोआप वर येईल!

शुक्रवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. ‘मामा, परवा भोपाळला मोठ्या तलावात होडी उतरवतोय, तिथंच सेंटरबोर्ड काढून साफ करतो. पाण्यात वजन लागत नाही ना.’ (सेंटरबोर्ड म्हणजे शिडाच्या होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी पाटी; ती होडीतल्या एका उभ्या, अरुंद पेटीत आडव्या पिनेवर, म्हणजे बोल्टवर, लटकते.) हे ज्ञान कुठून आलं, तर एका फिरत्या मेसेजमधून. तोच मेसेज इंदूरच्या रामबागेतल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली दोन नमस्कार जोडून. काका आजवर सिरपूर तलावाच्या काठापुढे गेलेले नाहीत. असो.

मेसेजचा पहिलाच मुद्दा: ‘होडी बाहेर काढायची गरज नाही. पाण्यातच पिन ओढा, बोर्ड तरंगत वर येतो.’

अरे, पण बोर्ड कशाचा? एनसीसीत आम्ही एंटरप्राइझ जातीची छोटी शिडाची होडी चालवायचो, तिचा बोर्ड लाकडी. तो तरंगेल, कबूल. भाच्याची होडी जुनी फायबरची आणि बोर्ड लोखंडी. त्याला रात्रीच टेप घेऊन मोजायला लावलं: 1 मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद, 10 मिलिमीटर जाड. लोखंड घनमीटरला साधारण 7850 किलो, म्हणजे ही पाटी 31 किलोची. आर्किमिडीजच्या हिशेबानं पाण्यात त्यातले 4 किलो घटतात. उरलेले 27 किलो पिन निघताक्षणी तळाला जाणार, आणि पेटीत कुणाची बोटं असली तर त्यांचीही खैर नाही.

त्याहून वाईट गोष्ट भोकांची. पिन पेटीच्या दोन्ही भिंतींतून आरपार जाते, आणि ती भोकं बऱ्याच होड्यांत पाण्याच्या पातळीखाली असतात. बोल्ट आणि रबरी वॉशर जागेवर आहेत म्हणून होडी कोरडी. टोरिचेलीचं सूत्र लावून बघा. 15 सेंटिमीटर खोलीवर पाणी सेकंदाला 1.7 मीटर वेगानं आत येतं. 10 मिलिमीटरच्या भोकातून, धार आक्रसते ते धरूनही, मिनिटाला जवळपास 5 लिटर. भोकं दोन. दहा मिनिटांत क्विंटलभर पाणी होडीत, आणि आपण अजून पाना शोधतोय.

दुसरा मुद्दा ट्रेलरवाल्यांसाठी आहे: ‘होडीखाली झोपून बोल्ट सैल करा, बोर्ड हातावर झेला.’ हे लिहिणाऱ्यानं आधी गव्हाचं अर्धं पोतं छातीवर पाडून घ्यावं, मग सल्ले द्यावेत. होडी हलकी असेल तर डोलकाठी उतरवा, चार जण बोलवा, पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणा आणि तिला कुशीवर आडवी करा. मग बोर्डाचा भार पिनेवर लटकत नाही, बोल्ट सुटतो आणि पाटी सरकवत बाहेर घेता येते. होडी जड असेल तर ती भक्कम ठोकळ्यांवर उचलून बोर्डाखाली जॅक लावा, वजन जॅकवर आलं की मगच पिन ठोकून बाहेर काढा. खाली झोपायचं नाही म्हणजे नाही.

बाकीचं भराभर. ‘बोर्ड म्हणजे होडीचा तोल.’ छोट्या होडीत तोल मुख्यतः माणसं सांभाळतात. बोर्ड असतो तो वाऱ्यानं होडी आडवी वाहून जाऊ नये म्हणून. लोखंडी असला तर तोलाला थोडा हातभार लागतो, इतकंच. ‘मरीन प्लायला रंग लागत नाही.’ आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, पण ते थर सुटतात का हे बघायला. लाकूड पाणी पितंच, आणि कडांनी सगळ्यात आधी. कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात हवेतच.

‘वर्षातून एकदा बोर्ड काढून बघावा’ हे एक वाक्य मात्र बरोबर आहे, नाइलाजानं मान्य करतो. लोखंड गंजून फुगतं आणि पेटीत असं अडकतं की मग हातोडा घ्यावा लागतो.

रविवारी भोपाळ रद्द. भाच्याच्या अंगणात होडी टायरांवर आडवी केली. पिन निघाली तेव्हा मधोमध झिजून तिची कंबर झाली होती, निम्मीच जाडी उरलेली. वॉशर तर बोटात धरताच बिस्किटासारखे चुरले. दोन्हींचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत काकांचं उत्तर आलं: दोन नमस्कार.