वचनाची ओळ आणि वचन देणारा देव

विश्वासात ढळू नका, असा उपदेश ख्रिस्ती मंडळीत वारंवार होतो. परंतु माणूस नेमका कशामुळे ढळतो, याचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. छळ, आजारपण, ओढगस्त ही कारणे खरी आहेत, मात्र माझ्या मते त्यांच्याही मुळाशी एक कारण असते: देवाची आपली ओळख अपुरी असते आणि त्या रिकाम्या जागी आपण आपल्याला हवा तसा देव बसवलेला असतो.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन घ्या. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, हे सांगणारी ती ओळ फुलांच्या चित्रावर छापून रोज सकाळी एकमेकांना पाठवली जाते. ती ज्या पत्रात आहे, ते यिर्मयाचे पत्र मात्र बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेहून बाबेलास बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे, आणि तिच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायदेशाचे दर्शन पुन्हा घडणार नव्हते. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा, असे देव त्यांना सांगत होता. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल, असे देवाच्याच नावाने सांगत होता. (त्या काळी मोबाइल असते, तर कोणाचा संदेश अधिक पुढे पाठवला गेला असता, हे सांगायला नको.) ज्याने हनन्यावर भिस्त ठेवली, त्याने तिसऱ्या वर्षी काय म्हटले असेल? देवाने फसवले, असेच. आणि देवाने तर तसे वचन कधी दिलेच नव्हते. विश्वास सोडून गेलेल्यांची दुःखे ऐकताना मला पुष्कळदा वाटते की, त्यांची निराशा खरी असली, तरी ती देवाने नव्हे, तर त्याच्या नावावर खपवलेल्या आश्वासनाने केलेली असते.

येशूचा शिष्य पेत्र याने आपले दुसरे पत्र मृत्यू जवळ आल्याची जाणीव असताना लिहिले. प्रेषित पौलाच्या पत्रांत समजण्यास कठीण अशा काही गोष्टी आहेत, हे तो मोकळेपणाने मान्य करतो आणि अज्ञानी व अस्थिर माणसे त्यांचा विपरीत अर्थ लावतात, असे बजावतो. अज्ञान आणि अस्थिरता त्याने एकत्र ठेवली आहेत, आणि लगेच पुढे प्रभू येशू ख्रिस्ताच्या कृपेत व ज्ञानात वाढत जा, असे सांगून पत्र संपवले आहे.

अर्थात, केवळ पाठांतर म्हणजे हे ज्ञान नव्हे. देव एकच आहे हे भुतेही मानतात व थरथर कापतात, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो. ज्ञान फुगवते, असे पौल करिंथ येथील मंडळीला सुनावतो. कलस्सै येथील मंडळीसाठी तो जी प्रार्थना करतो, तिच्यात देवाच्या ज्ञानाची वाढ आणि सत्कृत्यांचे फळ ही शेजारी शेजारी येतात. क्षमेविषयीचे वचन वाचून जो खरोखर क्षमा करायला जातो, त्याला क्षमाशील देवाची जी ओळख होते, ती नुसत्या अभ्यासाने होत नाही.

ही जबाबदारी एकट्या वाचकावर टाकणेही योग्य नाही. ज्ञानाच्या अभावी लोकांचा नाश होत आहे, असे होशेय संदेष्टा म्हणतो, तेव्हा त्याचा रोख ज्ञान झिडकारणाऱ्या याजकांवर आहे. बिरुया नगरातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणेदेखील रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिले आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकात त्याबद्दल त्यांची थोरवीच गायिली आहे. तेव्हा उपासनेनंतर एखाद्या तरुणाने ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारले, तर त्याला उद्धट ठरवण्याऐवजी त्याच्याजवळ बसून तो अध्याय पहिल्या वचनापासून त्याच्यासोबत वाचावा, एवढी अपेक्षा मी आपल्या पाळकांकडून करतो.