दोन लाइनी, चर एकच

परत तेच! सकाळी सव्वाअकराला सिंहगड रस्त्यावर जेसीबीचा दात बसला आणि आमच्या सर्व्हर रूमच्या इंटरनेटच्या दोन्ही लाइनी एकदम गेल्या. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, राउटरवर बीजीपी नीट लावलेलं. बीजीपी म्हणजे डेटा कुठल्या वाटेने जायचा ते ठरवणारी व्यवस्था: एक लाइन पडली की दुसरीने भार उचलायचा. पण दोघींची केबल एकाच चरातून आली असेल तर बीजीपी तरी काय करणार?

यूपीएस आहे, जनरेटर आहे, डिझेल भरलेलं आहे. सगळे सर्व्हर चालू, सगळे दिवे हिरवे, आणि बाहेर एकही साइट उघडत नाही. ग्राहकांचे फोन मलाच.

विकताना ९९.९ टक्के अपटाइम सांगतात. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद पडायची मुभा. तेवढे एका खोदाईतच संपतात.

खड्ड्यापाशी गेलो. स्प्लायसिंगवाला पोरगा छत्रीखाली उकिडवा बसून केसाएवढे तंतू एकेक करून जोडत होता. ४८ तंतू, खाली चिखल. त्याच्यावर काय चिडणार? चीड येते ती लाइन विकणाऱ्यांची. केबल कुठून कुठून येते त्याचा नकाशा मी तीनदा लेखी मागितलाय. "सर, रूट वेगळाच आहे," एवढंच उत्तर. मग नकाशा द्या ना!

आणि खोदणाऱ्यांचं काय? खाली कुणाच्या केबल आहेत ते आधी विचारता यावं म्हणून २०२३ पासून सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे. मुकादमाला विचारलं, तर त्याने नावही ऐकलं नव्हतं.