कपभर लघवी, पोतंभर सबुरी

अमेरिकेत विमानांच्या हँगरमध्ये, रेल्वेत किंवा मोठ्या ट्रकवर नोकरी लागतेय? अभिनंदन! आता ड्रग टेस्टला जा. मी नुकताच जाऊन आलोय, म्हणून चार हिताच्या गोष्टी.

अनारशांवरची खसखस विसरा. ती खाल्ली की लघवीत मॉर्फिन, म्हणजे अफूतलं द्रव्य, दिसू शकतं. १९९८ मध्ये सरकारने मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली ती खसखशीमुळेच, पण तुमच्या आईचा हात किती सढळ, हे सरकारला काय ठाऊक?

खिसे रिकामे करा. कमोडातलं पाणी निळं असेल, दचकू नका. फ्लश करायचा नाही, संस्कार बाहेर ठेवून जा.

४५ मिलिलिटर लागते. ४० झाली तर ओतून टाकतात, पुढच्या खेपेत बेरीज चालत नाही. मग तीन तासांत जवळजवळ १.२ लिटरपर्यंत पाणी पीत घड्याळ बघा. कंटाळून उठून गेलात तर तो 'नकार', आणि नकार म्हणजे नापास.

कप गरम असतानाच द्या. त्यावरची पट्टी ३२ ते ३८ अंश सेल्सिअस दाखवायला हवी आणि ती चार मिनिटांत वाचायची असते. नमुना घेणारे साहेब फोनवर असतील. असू द्या, त्यांच्या मेव्हण्याची गाडी बंद पडलीय. ते बोटानेच 'तिथे ठेवा' म्हणतील. ठेवा. उघडा कप, वरून एसीचा झोत, शेजारी त्यांची कॉफी. तुम्ही हसत राहा. कप गार पडला तर लगेच दुसरा नमुना, तोही कुणीतरी समोर उभं राहून बघत असताना. फोन त्यांचा, विजार तुमची! एवढ्यावर भागलं तर नशीब. फोन खांद्यात धरून साहेब म्हणतात, सीलवर सही करून ठेवा, बाटल्यांना मी नंतर चिकटवतो. नंतर? अहो साहेब, आधी सील माझ्यासमोर बाटलीला लागतं, मग त्यावर माझी आद्याक्षरं! ३० मिलिलिटर 'ए' बाटलीत, १५ 'बी'त. उद्या 'ए' पॉझिटिव्ह आली तर ७२ तासांत 'बी' दुसऱ्या लॅबमध्ये तपासून मागायची, एवढाच माझ्यापाशी बचाव. आणि तिचं सील तुम्ही कधी, कुणाच्या बाटलीला लावणार?

टपरीवरचा चहा नाही हा, याचा त्याला गेला तरी चालायला. माझी नोकरी आहे त्यात. ठेवा तो फोन. पट्टी बघा, माझ्यासमोर ओता, माझ्यासमोर सील लावा. मेव्हण्याला नंतर फोन करा. पगार याच कामाचा घेता ना?