‘आठ टक्के वाढतोय देश, आत्ताच शिरा’ या मेसेजला उत्तर

परदेशात धंदा न्या, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या उद्योजकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “फॅक्टरी तारण ठेवून कर्ज मिळतंय, घेऊ का?” म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजचा दावा असा: विकासदर सात-आठ टक्के असलेल्या देशात जो पहिला जातो तो बाजार जिंकतो, अर्थव्यवस्थेबरोबर तिथलं चलनही वधारतं, म्हणून नफा दुप्पट, कायदे-परवाने स्थानिक भागीदार बघतो, आणि आत्ता नाही तर कधीच नाही.

चलनाचं आधी बोलू, कारण माणसाला बुडवणारा मुद्दा तोच आहे. देश वाढला की चलन वधारतं, असा कुठलाही नियम नाही. व्हिएतनाम ही वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था, तरीही २००८ मध्ये डॉलरला साधारण १६,००० डोंग पडत आणि २०२४ मध्ये २५,०००च्या आसपास. ही झाली सावकाश घसरण. नायजेरियात जून २०२३ मध्ये विनिमय दरावरचं नियंत्रण सैल केलं आणि साधारण ४६० नायरांचा डॉलर वर्षाच्या आत १,५००वर गेला. हिशोब मांडून बघा. ४६ लाख नायरा नफ्याचे आधी १०,००० डॉलर झाले असते, नंतर जेमतेम ३,०००. गिऱ्हाईक तेवढंच, विक्री तेवढीच, आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्या देशात आपल्याच चलनात भरायचा.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने एमटीएन नायजेरिया या बड्या मोबाइल कंपनीचा २०२३चा ताळेबंद वाचावा. महसूल २० टक्क्यांहून जास्त वाढला आणि तरी वर्षाअखेर १३७ अब्ज नायरांचा तोटा. विनिमय दराचा फटकाच सुमारे ७४० अब्ज नायरांचा होता, कारण टॉवरच्या भाड्यासारखी देणी डॉलरशी बांधलेली होती. मेसेज लिहिणाऱ्याने असा एक ताळेबंद जरी उघडून पाहिला असता तरी ‘नफा दुप्पट’ लिहायला त्याचा हात धजावला नसता.

शिवाय नफा झाला तरी तो देशाबाहेर काढता आला पाहिजे. २०२३च्या मध्यात विमान कंपन्यांचे ८० कोटी डॉलरहून अधिक नायजेरियातच अडकले होते. तिकिटं विकली गेली होती, पण बदल्यात डॉलर मिळत नव्हते. एमिरेट्सने तर २०२२ मध्ये तिथली उड्डाणंच थांबवली होती. तिथे भांडवल आणताना बँकेकडून भांडवल-आयातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर लाभांश अधिकृत बाजारातून बाहेर पाठवता येत नाही. लोकांना घरदार गहाण टाकायला लावणाऱ्या मेसेजमध्ये अशा कागदांबद्दल एक ओळ नसावी, याचा मला मनापासून राग येतो.

पहिला येणारा जिंकतो म्हणे. ईबे या अमेरिकी ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने चीनमधली आघाडीची लिलाव वेबसाइट २००३पर्यंत पूर्ण विकत घेतली होती. त्याच वर्षी ताओबाओ ही चिनी प्रतिस्पर्धी वेबसाइट आली, तिने विक्रेत्यांकडून शुल्क घेतलं नाही, आणि २००६च्या अखेरीस ईबेने तिथली स्वतंत्र साइट गुंडाळली. पुढे जायची गरज नाही.

भागीदाराच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. वितरण, कामगार कायदा, कोणत्या खात्यात कुणाला भेटायचं, हे बाहेरच्याला उमगायला वर्षं जातात. पण ‘तो बघून घेईल’ म्हणून करार न वाचता सही करायची नसते. दानोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीने चीनमध्ये वाहाहा या तिथल्या पेय कंपनीबरोबर १९९६ मध्ये संयुक्त कंपन्या काढल्या. तोच माल भागीदार समांतर कंपन्यांतून विकतो, असा आरोप करत २००७ मध्ये ती कोर्टात गेली आणि २००९ मध्ये आपला ५१ टक्के हिस्सा विकून बाहेर पडली. दानोनकडे वकिलांची फौज होती, लहान उद्योजकाकडे ती नसते.

राहिलं ‘आत्ता नाही तर कधीच नाही’. कारखाना किंवा कंपनी न काढताही बाजारात शिरता येतं. आधी निर्यात करा. बिल डॉलरमध्ये, पैसे आगाऊ किंवा एलसीवर (म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी), वर निर्यात पतविमा (गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा), आणि वितरकाशी ठरावीक मुदतीचा, विक्रीचं लक्ष्य लिहिलेला करार. काही ऑर्डरी अशा गेल्या की पैसे वेळेवर येतात का, कस्टममध्ये माल किती अडकतो, वितरक शब्द पाळतो का, हे सगळं उघड होतं. तिथे कंपनी नोंदवायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.