दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर – मला मालिका आवडत नाही असं मात्र लिहू नका

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आमच्या शेरलॉक होम्स टूरमध्ये तुमचा, वहिनींचा आणि मुलीचा लंडनमधला एक शनिवार वाया गेला असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल आधी मनापासून सॉरी. सुट्टीचे दिवस मोजके असतात आणि माणशी 22 पाउंड ही काही लहान रक्कम नाही, मला कल्पना आहे. बेकर स्ट्रीटच्या होम्स म्युझियमचं तिकीट टूरमध्ये धरलेलं नाही हे तुम्हाला तिथे दारात कळलं, ती चूक आमचीच. बुकिंगच्या मेसेजमध्ये ते लिहिलेलं असतं पण अगदी खाली असतं, ते आता वर घेऊ.

पण तुम्ही लिहिलंय की "बाईंना मूळ मालिकाच आवडत नाही, निम्मा वेळ नावं ठेवत होत्या, मग शेरलॉकची टूर काढायची कशाला?" हे वाक्य मला फार लागलं. आमचं काम दोघांचं आहे, बुकिंग नवरा बघतो आणि चालते-बोलते मी. मराठीतून शेरलॉक दाखवणारी बाई म्हणून लोक एकमेकांना नंबर देतात, त्यावरच सगळं चाललंय. आता हे वाचून कोण येईल?

म्हणून त्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगते. बार्बिकन स्टेशनला साडेदहाला भेटायचं ठरलं होतं, तुम्ही अकरा वाजून पाच मिनिटांनी आलात. ट्यूबचा गोंधळ होतो, मी तेव्हाही काही बोलले नाही, पण बाकीचे सहा जण पावसात उभे होते. तिथून बार्ट्स हॉस्पिटल चालत पाच मिनिटांवर. पुस्तकात डॉक्टर वॉटसन आणि डिटेक्टिव्ह होम्स पहिल्यांदा भेटतात ते याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, 1887 साली छापलेल्या पहिल्या कादंबरीत, आणि बीबीसीच्या 2010 च्या 'शेरलॉक' मालिकेतही ते बार्ट्समध्येच भेटतात. वॉटसन तेव्हाही अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेला, आताही अफगाणिस्तानातूनच. म्हणजे सव्वाशेएक वर्षांनी नव्या काळात आणलं तरी लेखकांना हे बदलावंच लागलं नाही, आणि हे सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. मालिका न आवडणाऱ्या बाईला येईल का?

तिथेच मी फोनचा सीन सांगितला तो तुम्ही रिव्ह्यूत लिहिलाच नाही. पुस्तकात होम्स वॉटसनच्या खिशातल्या घड्याळाच्या किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघून सांगतो की हे घड्याळ ज्याचं होतं तो भाऊ दारू प्यायचा, रात्री किल्ली देताना हात थरथरायचा. मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल आला आणि ओरखडे आले चार्जिंगच्या भोकाभोवती. वर शेवटी शेरलॉक चुकतो, कारण फोन आधी ज्याचा होता तो हॅरी हा वॉटसनचा भाऊ नसून हॅरिएट नावाची बहीण निघते. जुन्या गोष्टीचा जीव तोच ठेवून नुसती वस्तू बदलायची आणि पुस्तक पाठ असलेल्या माणसालाही फसवायचं, याला म्हणतात मॉडर्न करणं. हे ऐकून तुमच्या मुलीने स्वतःचा फोन काढून चार्जिंगचं भोक बघितलं होतं आणि हसली होती. मला तो क्षण इतका आवडला की घरी येऊन नवऱ्याला सांगितला.

आता नावं ठेवल्याबद्दल. हो, ठेवली. पण कुणी विषय काढला ते आठवा. बार्ट्सच्या गच्चीवरून शेरलॉक उडी मारतो तो एपिसोड जानेवारी 2012 चा, त्यानंतर चाहत्यांनी खालच्या लाल फोन बॉक्सवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, तो वाचला कसा यावर लोक जवळजवळ दोन वर्षं डोकं खाजवत बसले होते, त्यात मीही होते. ते सांगत होते तेव्हा तुम्हीच म्हणालात की नंतर सगळा पोरखेळ झाला, तुमचं मत काय. मग मी माझं मत सांगितलं. मालिका 2014 ला परत आल्यावर त्याच उडीची तीन-तीन स्पष्टीकरणं दाखवली आणि नक्की खरं कुठलं ते मोकळंच ठेवलं, हे मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आणि 2017 च्या शेवटच्या एपिसोडमध्ये फ्लॅटमध्ये स्फोट होतो, शेरलॉक आणि वॉटसन खिडकीतून उडी घेतात आणि पुढे थेट बोटीवर दिसतात, मधे काय झालं त्याचा पत्ता नाही. ज्या मालिकेने आपल्याला ओरखडा बघायला शिकवलं तिने हे करावं याचं मला वाईट वाटतं, अहो माझं माणूस चुकल्यासारखं वाटतं. यात दहा मिनिटं गेली असतील, फार तर बारा, आणि त्यातली निम्मी तुम्ही बोलत होतात. शेवटच्या सीझनबद्दल तुमचं आणि माझं मत तर एकच होतं! मग रिव्ह्यूत तीच माझी चूक कशी झाली?

मालिकेत शेरलॉकचं बेकर स्ट्रीटचं घर म्हणून दिसणाऱ्या नॉर्थ गॉवर स्ट्रीटच्या 187 नंबरच्या दाराला तुम्ही "खोटं घर" म्हणालात. दादा, शूटिंग तिथेच झालंय, खालचा कॅफेसुद्धा मालिकेत दिसतो तोच. खरा बेकर स्ट्रीट गजबजलेला आणि जिकडेतिकडे होम्सच्या पाट्या, तिथे कॅमेरा लावणं अवघड, म्हणून ही शांत गल्ली निवडली. आणि खरं घर म्हणाल तर म्युझियमच्या दारावर 221बी हा पुस्तकातला होम्सचा पत्ता लिहिलाय खरा, पण ते आहे 237 आणि 241 च्या मधे. हे मी बेकर स्ट्रीटला निवांत सांगते, होम्सच्या पुतळ्यापाशी उभं राहून, पण त्या दिवशी तेवढा वेळच उरला नाही. बाकीच्यांची पुढची बुकिंगं होती, मला दीडला संपवावंच लागलं. पस्तीस मिनिटं कुठून तरी कापावी लागणारच होती. तुम्ही "शेवट घाईत उरकला" लिहिलंत पण उशीर लिहिला नाहीत.

तरी तुम्ही म्हणता तर शेवटच्या सीझनचं बोलणं थोडं कमी करता येतंय का बघते, आणि मतं कुणी विचारली तरच सांगेन. उशीर झाला तर किती थांबायचं याचाही काहीतरी नियम ठरवायला हवा, नवऱ्याशी बोलते.

मुलीला सांगा, तिने विचारलं होतं की शेरलॉकच्या डोक्यातले विचार स्क्रीनवर अक्षरांत उमटतात ते पुस्तकात कसं असतं, तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, घाई होती. पुस्तकात ते काम वॉटसन करतो, बहुतेक गोष्टी तोच सांगतो आणि होम्सचं डोकं आपल्याला त्याच्या चकित होण्यातून कळतं. मालिकेत अक्षरं आली म्हणून आपण थेट शेरलॉकच्या डोक्यात जाऊन बसलो. मला दोन्ही आवडतं.

परत लंडनला आलात तर बेकर स्ट्रीटचा राहिलेला भाग तिघांनाही नीट दाखवते, पैसे नकोत. फक्त साडेदहाला बार्बिकनला या.